डिस्ने स्टुडिओची सुरुवातीची वर्षे (१९२३ ते १९४१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिकी माउस सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण तो ज्या स्टुडिओत जन्मला त्याचा आरंभीचा इतिहास बहुतेक वेळा अर्धामुर्धाच सांगितला जातो. कुठल्या पात्राचा जन्म कधी झाला एवढीच यादी समोर येते. आमच्या मते या स्टुडिओची वाटचाल ठरली ती दोन गोष्टींवर: पात्राचे हक्क कोणाच्या नावावर आहेत, आणि शाईला हात लावण्याआधी कागदावर किती तयारी झाली आहे. खालची उत्तरे वाचताना हे दोन धागे पुन्हा पुन्हा दिसतील.

स्टुडिओची स्थापना नेमकी कधीची मानायची?

१६ ऑक्टोबर १९२३. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या वितरक मार्गारेट विंक्लर यांच्याशी ‘अ‍ॅलिस’ मालिकेचा करार झाला. पहिल्या सहा लघुपटांना प्रत्येकी १,५०० डॉलर आणि पुढच्या सहांना १,८०० डॉलर असा भाव ठरला. कंपनीचे तेव्हाचे नाव ‘डिस्ने ब्रदर्स कार्टून स्टुडिओ’. बंधू म्हणजे वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय. मिकीचा वाढदिवस म्हणून साजरा होणारा १८ नोव्हेंबर हा दिवस पाच वर्षांनंतरचा, १९२८चा. या दोन तारखांची गल्लत फार होते.

त्याआधीच्या कॅन्सस सिटीतल्या कंपनीचे काय झाले?

ती बुडाली. मे १९२२ मध्ये वॉल्टने १५,००० डॉलरच्या भांडवलावर ‘लाफ-ओ-ग्राम फिल्म्स’ उभी केली. वय होते वीस. परीकथांवरच्या सहा लघुपटांसाठी ‘पिक्टोरियल क्लब्ज’ नावाच्या वितरकाशी ११,१०० डॉलरचा सौदा झाला, पण हातात आले फक्त १०० डॉलर. उरलेली रक्कम १ जानेवारी १९२४ला मिळायची होती. वितरकाचेच दिवाळे निघाले. चित्रपट तयार, पगार थकलेले आणि वसुली शून्य, अशा अवस्थेत १९२३ साली कंपनीने नादारी पत्करली. मधल्या काळात स्थानिक दंतवैद्यासाठी दात घासण्यावरचा एक बोधपट ५०० डॉलरला करून देऊन काही दिवस निभावले होते.

बुडत्या कंपनीत शेवटी तयार झाला तो ‘अ‍ॅलिसेस वंडरलँड’, चार वर्षांच्या व्हर्जिनिया डेव्हिसला कार्टूनच्या जगात फिरवणारा नमुनापट. तो चित्रपटगृहात लागला नाही, पण विंक्लर बाईंना दाखवायला हाच नमुना कामी आला.

हॉलीवूडमध्ये सुरुवातीचा पैसा आणि जागा कुठून आली?

रॉय तेव्हा क्षयावरच्या उपचारांसाठी लॉस एंजेलिसजवळ माजी सैनिकांच्या रुग्णालयात होता. करार होताच तो बाहेर पडला आणि पैशाची बाजू सांभाळू लागला. काका रॉबर्ट डिस्ने यांनी ५०० डॉलर कर्जाऊ दिले. किंग्जवेल अ‍ॅव्हेन्यूवर एका जमीन-घर दलालाच्या कचेरीमागची खोली महिना १० डॉलर भाड्याने घेतली आणि १९२४च्या फेब्रुवारीत शेजारचा गाळा घेतला. जानेवारी १९२४ मध्ये शाई-रंगकामाला लागलेली लिलियन बाउंड्स हिला आठवड्याला १५ डॉलर पगार होता. पुढच्या वर्षी तिचे वॉल्टशी लग्न झाले. १९२४ सालीच कॅन्सस सिटीतला जुना सोबती अब आयवर्क्स येऊन मिळाला. आमच्या दृष्टीने स्टुडिओच्या पहिल्या पाच वर्षांत सर्वांत मोलाची घटना कुठली, तर आयवर्क्सचे येणे. वॉल्टने त्यानंतर स्वतः चित्रे काढणे जवळजवळ सोडून दिले आणि कथा, विनोद व दिग्दर्शन यांत लक्ष घातले.

खरी मुलगी आणि कार्टून एकाच चौकटीत कसे बसवले जात?

मुलीचे चित्रण पांढऱ्या पडद्यासमोर होई. कार्टूनही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेले असे आणि मुलगी जिथे उभी राहणार तेवढी जागा कोरी ठेवत. पांढरा भाग निगेटिव्हवर गडद उतरतो, त्यातून प्रकाश जात नाही. त्यामुळे दोन्ही निगेटिव्ह एकापाठोपाठ एकाच प्रिंटवर छापल्या की दोन्हींतला फक्त काळा भाग उमटतो.

अडचण हीच होती की मुलीचा चेहरा किंवा फिकट कपडे यांवरून कार्टूनची एखादी रेघ गेली, तर ती आरपार दिसे. म्हणून पात्रांना तिच्यापासून अंतर राखून खेळवावे लागे. मुलीच्या हालचाली आधी चित्रित होत आणि चित्रकार त्या मोजून आपली चित्रे बसवत. हे वेळखाऊ होते, त्यामुळे मालिका पुढे सरकली तसतसा खऱ्या मुलीचा वाटा घटत गेला आणि ज्यूलियस हे मांजरच भाव खाऊ लागले.

हायपेरियन स्टुडिओ कोणता?

२७१९ हायपेरियन अ‍ॅव्हेन्यू. जुलै १९२५ मध्ये ४०० डॉलर बयाणा देऊन जागा घेतली, १९२६च्या सुरुवातीला मुक्काम हलला आणि नाव ‘वॉल्ट डिस्ने स्टुडिओ’ झाले. मिकीपासून स्नो व्हाइटपर्यंतचे काम इथलेच.

ऑस्वाल्ड ससा हातचा कसा गेला?

‘ऑस्वाल्ड द लकी रॅबिट’ १९२७ मध्ये आला. पहिला तयार झालेला ‘पुअर पापा’ युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीला पसंत पडला नाही. मग ५ सप्टेंबर १९२७ रोजी ‘ट्रॉली ट्रबल्स’ लागला आणि चालला. दर लघुपटाला २,२५० डॉलर मिळत. मधला माणूस होता चार्ल्स मिंट्झ, विंक्लर बाईंचा नवरा.

करार एक वर्षाचा होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये वॉल्ट न्यूयॉर्कला गेला तो २,५०० डॉलर मागायला. मिंट्झने १,८०० देऊ केले, आणि पटत नसेल तर स्टुडिओतले बहुतेक अ‍ॅनिमेटर आधीच आपल्याकडे सह्या करून बसल्याचे सांगितले. ह्यू हार्मनसारखी मंडळी गेली. आयवर्क्सने मात्र सही दिली नव्हती. शिकाऊ लेस क्लार्कही थांबला.

ससा परत मागण्याची सोयच नव्हती, कारण करारानुसार पात्र युनिव्हर्सलच्या मालकीचे होते. ते हक्क डिस्ने कंपनीला परत मिळायला २००६ साल उजाडले; क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना एनबीसी वाहिनीकडे सोडण्याच्या सौद्यात ऑस्वाल्ड परतला. १९२८ नंतर रॉय आणि वॉल्ट यांनी पात्राची मालकी कधीच दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नाही. आज पात्रनिर्मिती करणाऱ्या तरुणांनी या प्रकरणातून एवढे तरी उचलावे: मानधनाच्या आकड्याआधी मालकीचे कलम वाचावे.

मिकी माउस काढला कोणी, वॉल्टने की आयवर्क्सने?

कागदावर त्याला रूप दिले आयवर्क्सने. स्वभाव आणि पुढे अनेक वर्षे आवाज वॉल्टचा. आगगाडीच्या परतीच्या प्रवासात वॉल्टला उंदीर सुचला, आधी ‘मॉर्टिमर’ नाव ठेवले आणि लिलियनने ते बदलायला लावले, ही गोष्ट वॉल्टनेच रंगवून सांगितलेली आहे. ती तशीच घ्यावी.

‘प्लेन क्रेझी’ हा पहिला मिकीपट आयवर्क्सने एकट्याने, बंद दाराआड काढला, कारण करार संपेपर्यंत जाणारे अ‍ॅनिमेटर त्याच इमारतीत ऑस्वाल्डची उरलेली कामे करत होते. त्याने दिवसाला ७०० चित्रांपर्यंत मजल मारली असे सांगतात. शाई आणि रंगकाम वॉल्टच्या घरच्या गॅरेजमध्ये लिलियन, तिची बहीण हेझल आणि रॉयची बायको एडना यांनी केले. मिकीची घडण गोलांची आहे: डोके गोल, कान गोल, पोट गोल. डोके कसेही वळले तरी कान गोलच दिसतात, त्यामुळे वेगाने काढणे शक्य होते.

‘स्टीमबोट विली’ हा पहिला मिकीपट आणि पहिला बोलका कार्टूनपट ना?

दोन्ही नाही. ‘प्लेन क्रेझी’ १५ मे १९२८ला खास खेळात दाखवला होता, त्यानंतर ‘गॅलोपिंग गाउचो’ झाला. दोन्ही मूक होते आणि दोघांनाही वितरक मिळाला नाही. ‘स्टीमबोट विली’ तिसरा, पण लोकांसमोर रीतसर आलेला पहिला. आवाजाचे म्हणाल, तर मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर बंधू १९२४ पासून ली डी फॉरेस्टच्या ‘फोनोफिल्म’ पद्धतीने ध्वनीसह गाण्यांचे कार्टून करत होते, आणि पॉल टेरीचा ‘डिनर टाइम’ १९२८ मध्येच विलीच्या आधी लागला होता.

मग विलीचे एवढे कौतुक का? कारण त्यात संगीत चित्राला नंतर चिकटवलेले वाटत नाही. बोटीची शिटी, बकरीच्या पोटातून वाजणारे गाणे, भांड्यांचा ताल, सगळे ठेक्यावर पडते. ‘डिनर टाइम’मध्ये आवाज आहे, पण हालचाल आणि आवाज यांची गाठ सैल आहे. दोन्ही लागोपाठ पाहिले की फरक दोन मिनिटांत कळतो.

चित्र आणि संगीत यांचा मेळ कसा बसवला?

बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या ठरलेल्या वेगाने धावते. मूकपटांच्या काळात हा वेग चित्रपटगृहागणिक बदलत असे, म्हणून मेळ बसवणे अशक्यच होते. वेग पक्का झाल्यावर हिशेब सोपा झाला. विल्फ्रेड जॅक्सन या नव्या मुलाने घरून मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, आणले. एक ठोका १२ फ्रेमांचा धरला तर मिनिटाला १२० ठोके पडतात. ८ फ्रेमांचा धरला तर १८०. १६चा धरला तर ९०. गाण्याची लय ठरवा, एका ठोक्याला किती फ्रेम ते काढा, आणि पात्राचे पाऊल, उडी किंवा धक्का त्या फ्रेमवर टाका. संगीताच्या मात्रा आणि चित्रांचे क्रमांक एकाच तक्त्यावर समोरासमोर लिहिले जात. म्हणजे एकही चित्र काढण्याआधी पूर्ण सात मिनिटांचा ताल कागदावर होता. आमच्या मते स्टुडिओच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हा तक्ता आहे.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला पॅट पॉवर्सच्या ‘सिनेफोन’ यंत्रणेवर झाले. १५ सप्टेंबर १९२८चा पहिला प्रयत्न फसला. संचालक कार्ल एडुआर्ड यांचा वाद्यवृंद पडद्यावरच्या चित्राशी जुळेना. तेव्हा वेगवेगळे ध्वनिपट्टे नंतर मिसळण्याची सोय नव्हती. वाद्ये, परिणाम आणि आवाज सगळे एकदम एकाच पट्ट्यावर घ्यावे लागे, त्यामुळे एकाची चूक सगळ्यांना भोवे. पुन्हा पैसे उभे करताना वॉल्टची ‘मून’ कंपनीची मोटारगाडी विकावी लागली. ३० सप्टेंबरला दुसऱ्या खेपेस वाजवणारे कमी केले आणि फिल्मवर एक उसळता चेंडू छापून घेतला: चेंडू खाली आपटला की ठोका. संचालकाने चेंडूवर नजर ठेवली आणि काम जमले. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात तो झळकला.

आधीच्या दोन मूकपटांना मागाहून संगीत चढवले. फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टा बसवायचा म्हणजे मूळ चौकटीची डावी बाजू कापली जाते, हेही त्यात सोसावे लागले.

हा प्रयोग आज मोबाइल किंवा संगणकावर करून पाहता येईल का?

येईल, आणि विद्यार्थ्यांनी जरूर करावा. प्रकल्पाचा वेग आधी २४ फ्रेमवर ठेवा. मेट्रोनोम अ‍ॅप १२०वर लावा. कागदावर उभ्या ९६ ओळी आखा, म्हणजे चार सेकंद. दर बाराव्या ओळीवर खूण करा. एवढ्यात आठ ठोके होतात. पावलाचा जमिनीला टेकण्याचा क्षण खुणेच्या फ्रेमवर टाका, मधली चित्रे नंतर भरा. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरले तर एका पावलाला सहा चित्रे लागतात.

बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले, अ‍ॅपमध्ये वेग २५ किंवा ३० राहतो. २४च्या हिशेबाने काढलेली सात मिनिटे २५वर चालवली तर जवळजवळ १७ सेकंद आधीच संपतात. सुरुवातीला कळत नाही, शेवटाकडे मेळ पार सुटतो. दुसरे, टेकण्याची फ्रेम ठोक्यानंतर येते. प्रेक्षकाच्या डोळ्याला आवाजाआधी एखाद-दोन फ्रेम चित्र आलेले चालते, उशिरा आलेले खुपते. तिसरे, सगळ्याच हालचाली ठोक्यावर टाकल्या जातात आणि पात्र कवायत करू लागते. जोराची हालचाल ठोक्यावर टाका, तिची तयारी ठोक्याआधी होऊ द्या.

मिकीला हातमोजे कधी आणि का आले?

१९२९च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये. काळे हात काळ्या अंगावर आले की दिसेनासे होत. पहिले शब्द तो त्याच वर्षी ‘द कार्निव्हल किड’मध्ये बोलला: ‘हॉट डॉग्ज’.

सिली सिंफनी ही वेगळी मालिका कशाला काढली?

संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांचा आग्रह होता की काही चित्रपटांत संगीत आधी असावे आणि चित्र त्याच्या मागे यावे. १९२९चा ‘द स्केलेटन डान्स’ तसा झाला. त्यासाठी स्टॉलिंगने वादकांच्या कानात ठोके ऐकवण्याची युक्ती काढली, जिच्यातून पुढे सगळ्या चित्रसृष्टीत वापरला जाणारा क्लिक ट्रॅक आला. चेंडूकडे बघत बसण्याची गरज उरली नाही. पण या मालिकेचा खरा उपयोग वेगळाच झाला: ठरलेले पात्र नसल्याने रंग, खोली, निसर्ग यांचे सगळे प्रयोग इथे करता आले.

जानेवारी १९३० मध्ये आयवर्क्स पॉवर्सच्या पाठबळावर स्वतःचा स्टुडिओ काढायला बाहेर पडला. स्टुडिओतला त्याचा २० टक्के हिस्सा २,९२० डॉलरला परत घेतला गेला. स्टॉलिंगही गेला. आयवर्क्स १९४० मध्ये परतला तो अ‍ॅनिमेटर म्हणून नाही, तंत्रज्ञ म्हणून.

रंगीत चित्रपटांची सुरुवात?

३० जुलै १९३२, ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’. तांबडा, हिरवा, निळा अशा तीनही रंगांची नोंद करणारी टेक्निकलरची पद्धत तेव्हा नुकतीच सिद्ध झाली होती. हा लघुपट कृष्णधवल म्हणून निम्मा झालेला असताना वॉल्टने तो रंगात पुन्हा करायला घेतला. वितरक युनायटेड आर्टिस्ट्स रंगासाठी जादा पैसे देणार नव्हता, म्हणून रॉयचा विरोध होता. त्यावर तोडगा म्हणून कार्टूनपटांसाठी या पद्धतीचा एकाधिकार १९३५ अखेरपर्यंत मिळवला. तोवर बाकीच्यांना दोन रंगांवर भागवावे लागले.

स्टुडिओत त्रास झाला तो रंगांचा. करड्या छटांचे जुने रंग चालेनात. सेलच्या, म्हणजे चित्रे ज्यावर रंगवत त्या पारदर्शक पत्र्याच्या, गुळगुळीत पृष्ठावर नवे रंग नीट धरत नसत, वाळून तडकत, आणि कॅमेऱ्याखालच्या प्रखर दिव्यांत फिके पडत. मग स्टुडिओने स्वतःचे रंग घोटायला सुरुवात केली. कार्टूनपटांसाठीच्या ऑस्करचा पहिला मान याच चित्रपटाला मिळाला.

‘थ्री लिटल पिग्ज’ला एवढे महत्त्व का देतात?

मे १९३३चा हा लघुपट पाहताना एक गोष्ट तपासा. तिन्ही डुकरे दिसायला सारखी आहेत. तरी आवाज बंद करून पाहिले तरी कोणते आळशी आणि कोणते कष्टाळू, हे चालण्यावरून, थांबण्यावरून ओळखता येते. याआधी कार्टूनमध्ये वाईट पात्र धिप्पाड आणि चांगले पात्र गोंडस, एवढ्यावर भागत असे. फ्रेड मूरच्या रेषेने ते बदलले. फ्रँक चर्चिलचे लांडग्याचे गाणे मंदीच्या काळात अमेरिकाभर लोकांच्या तोंडी झाले, आणि स्वतंत्र कथाविभागावर खर्च करणे परवडते हे स्टुडिओला पटले.

त्याच सुमारास तीन सवयी पक्क्या झाल्या. एक, कथाफलक: वेब स्मिथ आपली कच्ची चित्रे सुट्या कागदांवर काढून भिंतीवर टाचणीने लावू लागला. साधारण ४ बाय ८ फुटांचा फलक. कंटाळवाणा भाग दिसला की टाचणी काढून कागद हलवायचा. दोन, पेन्सिल टेस्ट: शाईकाम करण्याआधी कच्ची पेन्सिल चित्रे स्वस्त फिल्मवर टिपून निगेटिव्हच पडद्यावर पाहायचे. ज्या कोंदट खोलीत हे चाले तिचे नाव पडले ‘स्वेटबॉक्स’. तीन, शाळा: नोव्हेंबर १९३२ पासून शुनार्ड कलाशाळेचे डॉन ग्रॅहॅम स्टुडिओतच संध्याकाळी चित्रवर्ग घेऊ लागले, जिवंत मॉडेल समोर ठेवून.

या सवयींचे अर्थशास्त्र साधे आहे. पेन्सिलीत चूक सापडली तर एका माणसाचे दोन-चार दिवस जातात. तीच चूक रंगवून, चित्रित होऊन पडद्यावर आली तर शाई, रंग, कॅमेरा आणि फिल्म सगळे पाण्यात.

एका लघुपटाला किती चित्रे लागत?

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट. सात मिनिटांना ६३० फूट, म्हणजे १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरले तर ५,०४० चित्रे. पण एका फ्रेममध्ये दोन-तीन पात्रे वेगवेगळ्या सेलवर असतील तर हा आकडा त्या पटीत वाढतो. उलट चालण्याचे चक्र पुन्हा वापरले की घटतो. कॅमेरा सरकत असेल तर दर फ्रेमला नवे चित्र लागते, नाहीतर पात्र थरथरते.

त्या काळचे मूळ सेल आज इतके दुर्मिळ का?

कारण ते धुऊन पुन्हा वापरत. सेल म्हणजे नायट्रेट सेल्युलोजचा पारदर्शक पत्रा. तो महाग होता. चित्रण झाले की रंग खरवडून, धुऊन पुढच्या कामाला. धुण्याने चरे पडत, चऱ्यांत धूळ बसे. शिवाय नायट्रेट ज्वालाग्राही असते, आणि वर्षांनुवर्षांनी पिवळे पडून आकसते, तसा त्यावरचा रंग सुटतो. विकायला सेल बाहेर पडले ते स्नो व्हाइटनंतर, सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्वाझिये गॅलरीमार्फत.

मल्टिप्लेन कॅमेरा म्हणजे काय?

सपाट चित्राकडे कॅमेरा नेला की घर मोठे होते, तसा मागचा चंद्रही मोठा होतो. डोळ्याला हे खोटे वाटते. म्हणून देखावा थरांत तोडला: पुढची झाडे एका काचेवर, घर दुसरीवर, टेकड्या तिसरीवर, आकाश तळाशी. काचा एकाखाली एक ठेवून कॅमेरा वरून खाली पाहतो आणि प्रत्येक थर वेगळ्या गतीने हलवतो. चंद्राचा थर हललाच नाही की तो तेवढाच राहतो.

डिस्नेचे यंत्र बिल गॅरिटीच्या देखरेखीखाली बनले आणि नोव्हेंबर १९३७च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये प्रथम पडद्यावर आले. कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हती: जर्मनीत लोट्टे रायनिगर यांनी १९२०च्या दशकात थरांच्या काचा वापरल्या होत्या, आणि आयवर्क्सनेही स्वतःच्या स्टुडिओत असे यंत्र जोडले होते. यंत्र चालवणे जिकिरीचे असे. काचेवर धूळ दिसे, दिव्यांचे प्रतिबिंब पडे, उष्णता होई, आणि दर फ्रेमला प्रत्येक थर मोजून सरकवावा लागे. एक माप चुकले की तो तुकडा पहिल्यापासून.

‘स्नो व्हाइट’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट आहे का?

नाही. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये ‘एल अपोस्तोल’ केला होता (तो आज उपलब्ध नाही), आणि रायनिगर यांचा छायाकृतींचा ‘प्रिन्स अख्मेद’ १९२६चा. सेलवर रंगवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मात्र ‘स्नो व्हाइट’च. २१ डिसेंबर १९३७, कार्थे सर्कल थिएटर, लॉस एंजेलिस.

१९३४ मध्ये काम सुरू झाले तेव्हाचा अंदाज होता अडीच लाख डॉलर. प्रत्यक्षात खर्च गेला सुमारे १५ लाखांवर. बँक ऑफ अमेरिकेचे कर्ज घ्यावे लागले. खर्च वाढण्याची कारणे कामातच होती. ८३ मिनिटे प्रेक्षकाला केवळ विनोदावर बसवता येत नाही. रडू यावे असे पात्र हवे, आणि माणसाची आकृती काढणे अ‍ॅनिमेटरांना जड जात होते. नर्तिका मार्जोरी बेल्चर हिच्या हालचालींचे चित्रण संदर्भाला घेतले. ते जसेच्या तसे गिरवले की नायिका पुतळ्यासारखी दिसे. म्हणून प्रमाणे बदलून, हालचाल वेचून घ्यावी लागे. बुटके आणि तिच्यातले आकाराचे अंतर एका चौकटीत बसेना, तेव्हा कागद आणि सेलचा आकार वाढवला, पाठोपाठ टेबले आणि कॅमेरेही बदलावे लागले. गालावरची लाली रंगकाम विभागातल्या बायकांनी प्रत्येक सेलवर हाताने दिली. बुटक्यांचे सूप पिण्याचे आणि पलंग बनवण्याचे प्रसंग पेन्सिलीत पूर्ण होऊनही काढून टाकले, कारण कथा थांबत होती. वॉर्ड किंबॉलची महिनोन्महिन्यांची मेहनत त्यात गेली, तरी निर्णय बरोबर होता असेच आम्हाला वाटते.

या कामात स्त्रिया कुठे होत्या?

मुख्यतः शाई आणि रंगकामात. केसाइतकी बारीक रेघ न थरथरता ओढणे हे अत्यंत कसबी काम, पण श्रेयनामावलीत त्यांची नावे नसत, आणि अ‍ॅनिमेशनचे प्रशिक्षण तरुण पुरुषांसाठी राखून ठेवलेले होते. स्त्रीचे नाव अ‍ॅनिमेटर म्हणून पडद्यावर यायला १९४२ उजाडले: ‘बँबी’साठी रेट्टा स्कॉट. हा अन्यायच होता.

बरबँकला स्टुडिओ कधी हलला?

स्नो व्हाइटच्या कमाईतून ५१ एकर जागा घेतली. १९३९च्या अखेरीपासून १९४०पर्यंत मुक्काम हलला. वातानुकूलन, उत्तरेचा उजेड, विभागांची सलग रचना, सगळे विचार करून बांधलेले. पण पगारातली तफावत आणि श्रेयाचा प्रश्न सुटला नाही, आणि २९ मे १९४१ला संप झाला. हायपेरियनचे दिवस तिथे खऱ्या अर्थाने संपले.

‘स्टीमबोट विली’ आता कोणीही वापरू शकतो का?

अमेरिकेत त्याचे स्वामित्व हक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपले. १९२९चे लघुपट वर्षभराने मुक्त झाले. मात्र हे त्या-त्या चित्रपटापुरते आहे. नंतरच्या चित्रपटांत बदललेला मिकी त्यात येत नाही, आणि व्यापारचिन्हाचे हक्क वेगळे, चालूच आहेत. वस्तूवर छापून विकायचा विचार असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जावे.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, पण तो १९५०च्या दशकातला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या फ्रेम-फ्रेमने हलवल्या होत्या, आणि प्रभातचा ‘जंबूकाका’ १९३४चा. हे प्रयत्न डिस्नेपासून स्वतंत्र होते. १९५६ मध्ये मात्र डिस्ने स्टुडिओत काम केलेले अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. हायपेरियन आणि बरबँकमध्ये घडलेली शिस्त त्यांनी इथल्या तरुणांना हातात पेन्सिल देऊन शिकवली. त्या तुकडीत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हटले गेले. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा त्या प्रशिक्षणातून तयार झालेला चित्रपट.